अंगणात आखलेली गाडी

पिंपळगाव राजात कुणालाही विचारा, महादेवरावांच्या सत्यभामाबाईंना गाडी लागते हे त्याला ठाऊक असतं. डोकं गरगरतं, पोटात ढवळतं, मग सगळ्यांच्याच प्रवासाचा विचका होतो, म्हणून त्या बिचाऱ्या घरीच राहतात. अशी ही माहिती गावात गेली अठरा वर्षं सुखाने नांदत होती. आणि यातली मजा अशी, की सत्यभामाबाईंना गाडी कधी लागलीच नव्हती. एकदासुद्धा नाही.

झालं होतं ते असं. अठरा वर्षांपूर्वी महादेवरावांच्या चुलतभावाचं लग्न मलकापूरला होतं. जायला एक काळीपिवळी जीप ठरवलेली. तिच्यात मावतील तेवढी माणसं बसली, मग न मावणारीही बसली, आणि आता निघायचं तेवढ्यात मोताळ्याहून महादेवरावांची आत्या दोन नातवंडं घेऊन दारात हजर झाली. आता उतरवायचं कुणाला? बसलेल्याला उतरवलं तर रुसवा, आत्याला ठेवून गेलं तर जन्मभराचा बोभाटा. महादेवराव जीपच्या दाराशी घाम पुसत उभे, एकेकाच्या तोंडाकडे पाहतायत. नवऱ्याचं ते तोंड सत्यभामाबाईंना बघवेना. नवं हिरवं पातळ सावरत त्या खाली उतरल्या.

"मले तशीबी गाडी लागते," त्या म्हणाल्या. "तुम्ही व्हा पुढं."

असल्या खोट्याला एखादा वजनदार साक्षीदार हवा असतो. तो सासूबाईंनी आतून लगेच पुरवला. "हाव, तिले लागतेच," म्हणून त्यांनी मोकळ्या झालेल्या जागेवर आपली पिशवी ठेवली. जीप धूळ उडवत गेली. सत्यभामाबाईंनी पातळ बदललं, नीट घडी घालून पेटीत ठेवलं आणि अंगण झाडायला घेतलं.

पुढे या खोट्याने चांगलंच बाळसं धरलं. कुणी ओव्याची पुरचुंडी दिली, कुणी आवळासुपारी. महादेवराव तर गाडीत बसायची वेळ आली की न चुकता बायकोच्या हातात हुंगायला लिंबू आणून द्यायचे. नातीच्या, म्हणजे अपेक्षाच्या, बारशाला म्हाताऱ्या सासूबाईंना घरी ठेवून सुनेच्या माहेरी जायचं होतं तेव्हा मुलाने, सागरने, औषधाच्या दुकानातून गोळी आणली. ती त्यांना घ्यावीच लागली. सत्यभामाबाईंनी खिडकीतून काय काय बघायचं ते आदल्या दिवसापासून मनाशी ठरवून ठेवलं होतं. गोळीने अशी झोप लागली, की सगळा रस्ता घोरण्यात गेला. वर घरचे म्हणाले, पाहा, गोळीचा गुण आला.

मग जळगाव जामोदला बहिणीकडे त्या एस्टीने कशा जातात, असा प्रश्न एखाद्या चौकस माणसाला पडायचा. त्यावरही उत्तर तयार होतं: एस्टीच्या खिडक्या मोठ्या, वारा लागतो, लहान गाडीत जीव कोंडतो. हे उत्तरही सत्यभामाबाईंचं नव्हतं. घरच्यांनीच त्यांच्या काळजीपोटी शोधून काढलं होतं. सगळे इतक्या मायेने वागत होते, की तक्रार करायची तरी कशाची?

सागरने जुनी लहान गाडी घेतली तेव्हा तिच्यात एक जागा उरायची. मग प्रज्वल झाला, तो मांडीवरून सीटवर आला, आणि ती जागाही गेली. पोराला पुन्हा मांडीवर घेतलं असतं तर एक माणूस सहज मावलं असतं. पण ज्याला गाडी लागते त्याच्यासाठी कोण कशाला पोर मांडीवर घेईल? ही मंडळी लोणारचं सरोवर बघून आली, शेगावच्या आनंदसागरच्या गोष्टी सांगत आली, आणि सत्यभामाबाईंनी त्यांच्यासाठी गरम गरम भाकरी टाकत त्या सगळ्या गोष्टी ऐकल्या. बाई काही रडतराऊत नव्हत्या. वांग्याच्या तोड्याला चार बायकांच्या बरोबरीने चालणारा त्यांचा हात, गल्लीतल्या कुणाच्याही बाळंतपणात पहिली हाक त्यांना. घर भरलेलं होतं, शेतात विहिरीला पाणी होतं, मुलगा निर्व्यसनी, सून गुणाची. त्या रोज सकाळी सूर्याला हात जोडून 'असंच ठेव बापा' म्हणायच्या आणि ते मनापासून असायचं. फक्त एक इच्छा होती. थोरल्या बहिणीच्या, सोजराबाईच्या, दारात एकदा अख्ख्या घरासकट उतरायचं.

कारण सोजराबाई बोलायला फटकळ. सत्यभामाबाई एस्टीने गेल्या की त्या एकट्या. घरचे गाडीने गेले की त्यांच्याशिवाय. "तुयं घर मले एका खेपेत कधी पाह्यले भेटन वं?" असं त्या दरवेळी विचारायच्या. यंदा वैशाखात सोजराबाईच्या नव्या घराची वास्तू होती. आमंत्रण देताना फोनवर त्यांनी बजावलं होतं, "सगळे या. तुकड्या-तुकड्यानं येसान तं दारातूनच वापस पाठवीन."

त्याआधी कार्तिकात घरात आणखी एक माणूस वाढलं होतं. सुनेला, संजीवनीला, दिवस भरत आले होते, पण डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला अजून अवकाश होता. म्हणून बापलेक गाडी घेऊन बियाण्यासाठी नांदुऱ्याला गेले, आणि दुपारी स्वयंपाकघरात संजीवनीच्या पोटात कळा सुरू झाल्या. अँब्युलन्सला यायला वेळ लागणार होता. सत्यभामाबाई अनवाणीच शेजारच्या गुलजारच्या दारात गेल्या. गुलजार भाजीचा व्यापारी. यांच्या शेतातली वांगी त्याच्याच पिकअपमधून बाजारात जायची. त्याने निम्मी भरलेली गाडी भराभर रिकामी केली, त्याच्या बायकोने, हुस्नबानोने, घरातली जाड गादी आणून मागे अंथरली.

"भाभी, तुम्ही फिकर करू नका," गुलजार म्हणाला. "खामगावच्या दवाखान्यालोक मी अशी नेतो का पोरीले धक्का नाही लागन."

धक्के लागले. तो रस्ताच तसा. पण सत्यभामाबाई पिकअपच्या फळीला पाठ टेकून, सुनेचं डोकं मांडीवर घेऊन, अख्खा रस्ता उलट्या तोंडाने बसल्या. धूळ, डिझेलचा वास, उरलेल्या कोथिंबिरीचा वास, आणि त्या संजीवनीच्या कपाळावरून हात फिरवत सांगत होत्या, हे आलं, ते आलं, आता थोडंच राह्यलं. तासाभराने दवाखान्यात नात जन्मली. गुलजारने भाड्याचा विषयसुद्धा निघू दिला नाही. सत्यभामाबाई आजही त्याचं नाव काढताना आधी 'देवमाणूस' म्हणतात, मग गुलजार.

या सगळ्या धांदलीत एक गोष्ट संजीवनीने कळा देता देता टिपली होती. ती तिने मनात ठेवली.

तान्ही आली आणि जुनी गाडी अगदीच पुरेना झाली. माघात सागरने मोठी गाडी घ्यायचं काढलं. पैशांची जुळवाजुळव घरोघरी होते तशी झाली, ती कथा इथे नको. अडलं ते कुठली घ्यायची यावर. सागरने दोन गाड्या हेरल्या होत्या. एक दोन रांगांची, ऐसपैस, मागे वांग्याचे सहा कॅरेट मावतील अशी. दुसरी तीन रांगांची, सात माणसांची. पण मागची रांग उघडली की मालाला जागा नाही. फोनवर त्याने वडिलांना दोन्हींची चित्रं दाखवली, लांबी-रुंदी वाचून दाखवली. महादेवराव मान हलवत ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "हे मले काही समजत नाही. अंगनात दाखव."

महादेवरावांचा विश्वास फक्त त्यांच्या दोरीवर. वांग्याची रोपं लावायची त्यांची एक दोरी आहे, दर फुटाला गाठ मारलेली. विहिरीचा काठ असो की म्हशीचा गोठा, ते आधी दोरी टाकतात, मग बोलतात. रविवारी सकाळी त्यांनी ती अंगणात टाकली. सागर फोनमध्ये बघून आकडे सांगत होता, महादेवराव गाठी मोजत होते आणि अपेक्षा चुन्याच्या फक्कीने रेषा ओढत होती. घटकाभरात अंगणात दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या राहिल्या, म्हणजे आडव्या पडल्या. सीट म्हणून कॅरेट पालथे घातले. प्रज्वलने परात उचलली आणि चाक म्हणून फिरवायला घेतली. येणारे-जाणारे फाटकाशी थांबून 'काय महादेवराव, एव्हरेज किती देते?' म्हणून चेष्टा करून गेले. महादेवरावांच्या कपाळावरची आठी हलली नाही.

आधी सगळे पहिल्या गाडीत बसले. सागर चाकावर, महादेवराव त्याच्या शेजारी, मागे तान्हीला घेऊन संजीवनी आणि दोन पोरं. ऐसपैस झालं. मागे सहा कॅरेट रचून पाहिले, तेही बसले. मग मंडळी उठून दुसऱ्या गाडीत गेली. तिथेही सगळे बसले आणि मागची रांग रिकामी राहिली.

"हे मागचं कायले पायजे?" महादेवराव वळून म्हणाले. "रिकामी जागा कोन ओढन फुकट?"

"आजी, तू बैस ना मागं," अपेक्षा म्हणाली. "पाय पुरतेत का नाही ते पाहू."

सत्यभामाबाई चहाचे कप गोळा करत होत्या. कप ओसरीवर ठेवून त्या आल्या, पदर आवरून चुन्याची रेघ जपून ओलांडली आणि मागच्या कॅरेटवर बसल्या. अपेक्षाने त्यांचे गुडघे तपासले, डोक्यावर हात धरून छत किती उंच येईल ते पाहिलं आणि 'पुरते' असा निकाल दिला.

समोर सगळ्यांच्या पाठी होत्या. महादेवरावांची टोपी, सागरची उन्हाने रापलेली मान, संजीवनीच्या खांद्यावरून डोकावणारं तान्हीचं टोपडं. अठरा वर्षं सत्यभामाबाईंनी या पाठी दारात उभं राहून लांब जाताना पाहिल्या होत्या. आज त्या हाताच्या अंतरावर होत्या आणि कुठेही जात नव्हत्या. मातीवरच्या चार रेघांत बसून एवढं भरून यावं याची बाईंना स्वतःलाच लाज वाटली, पण उठवेना.

"मंग ठरलं," सागर उभा राहत म्हणाला. "पहिलीच घेऊ. आपन पाच आन ही तान्ही, आरामात बसतो. मालबी जाते. मायले तं तशीबी गाडी लागते."

"हाव, ठरलं," महादेवराव म्हणाले. "ऊठ वं, अजून एक घोट चहा ठेव."

सत्यभामाबाई उठल्या नाहीत. हीच गाडी आता दहा-पंधरा वर्षं चालणार, हे त्यांना कळत होतं. आज जागा गेली तर ती कायमची गेली, आणि सोजराच्या दारात आपण एस्टीच्या थांब्यावरून पिशवी घेऊन चालतच जाणार. बोलायला तोंड उघडलं, पण अठरा वर्षांचं खोटं एका वाक्यात कसं मागे घ्यायचं?

"आईले गाडी लागत नाही," संजीवनी म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. महादेवराव हसले. "तुले काय माहीत? तू या घरात आली कवा?"

"मले माहीत हाय, बाबा. हिच्या येळी आई खामगावलोक पिकअपमंदी उलट्या बसल्या होत्या. तासभर. धूळ, डिझेल, सगळं. ना लिंबू, ना गोळी. माया जीव जाऊन राह्यलता तरी मी पाहून राह्यली होती. त्याइले काहीच झालं नाही."

"पोरीची काळजी होती तवा," सागर म्हणाला, पण म्हणता म्हणताच त्याचा आवाज उतरला. तो आईसमोर येऊन बसला. "माय, खरं सांग."

अजूनही 'त्या दिवशी काय की नाही लागली बापा' म्हणून वेळ मारून नेता आली असती. सत्यभामाबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

"नाही लागत," त्या म्हणाल्या. "कधीच नाही लागली."

"मंग ते लिंबू?" महादेवरावांना आधी तेच सुचलं.

"लिंबू तुम्हीच आनून देत होते. घरी आल्यावर वरनात पिळलं."

अपेक्षा फिदकन हसली आणि बापाने पाहताच गप्प झाली.

"मलकापूरच्या लग्नाले जागा नव्हती," सत्यभामाबाई सांगू लागल्या. "तुमचं तोंड पाह्यलं जात नव्हतं, म्हनून बोलली. मंग तेच चालू राह्यलं. तुम्ही जात होते, खुश होऊन येत होते, मले बरंच वाटे. खोटं नाही सांगत. पन तुमच्या गोष्टी ऐकल्या का मनात येये, मीबी असती तं पाह्यलं असतं."

महादेवरावांना तो दिवस लख्ख आठवला. बायको खाली उतरली तेव्हा आपल्याला केवढं हायसं वाटलं होतं, तेही आठवलं. हायसं इतकं वाटलं होतं, की लग्नानंतर वीस वर्षांत हिला गाडी कधी लागलेली आपण पाहिली का, हा साधा प्रश्न त्यांना पडला नव्हता. पुढेही पडला नाही.

ते उठले. चपलेने त्यांनी पहिल्या गाडीचा चुना पुसायला सुरुवात केली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, सावकाश, मागची मालाची जागासुद्धा.

"बाबा, वांगे?" सागरने विचारलं.

"वांग्याले गुलजारची पिकअप हाय," महादेवराव म्हणाले. "सातवाली घे."

स्वयंपाकघरात सत्यभामाबाईंनी सुनेला गाठलं. "तुले कार्तिकापासून माहीत होतं, मंग बोलली काऊन नाही?"

"तुमची गोष्ट होती, आई. वाटलं तुम्ही सांगसान. पन आज तुम्ही त्या कॅरेटवरून उठत नव्हत्या तं मले राहवलं नाही."

सासूने बाहेर चार बायकांत बसून सुनेची गाऱ्हाणी सांगावीत अशी रीत आहे. या बाबतीत सत्यभामाबाईंचं फार नुकसान झालेलं आहे, त्यांच्याजवळ सांगायला काहीच नसतं. त्यांनी संजीवनीच्या तोंडावरून हात फिरवले आणि कानशिलाशी कडाकड बोटं मोडली. "तुया मायनं तुले कोन्या वक्ताले जलम देला वं," म्हणताना त्यांचे डोळे वाहायला लागले, आणि फोडणी करपली.

पाडव्याला गाडी आली. हार घातला, नारळ फुटला, गुलजार आणि हुस्नबानो पेढे खाऊन गेले. घरच्यांनी बाईंना कुठेही बसवायची तयारी दाखवली, पण त्यांनी मागचीच रांग पसंत केली. तिथून सगळे दिसतात म्हणाल्या.

आणि वैशाखातली ती सकाळ उजाडली. सोजराबाईच्या वास्तूला निघायचं. पोरं आंघोळ करून तयार, आहेराची पिशवी मागे, तान्ही संजीवनीच्या मांडीवर. सत्यभामाबाई सगळ्यांत आधी जाऊन बसल्या होत्या. न जाणो, आजही मोताळ्याहून कुणी यायचं. सागरने गाडी चालू केली. महादेवरावांनी घराचं दार ओढलं, कडी घातली आणि तिथेच थांबले.

"सागर, कुलूप कुठी हाय?"

"माय, कुलूप कुठी ठेवलं?" सागरने मागे वळून विचारलं. घरातली कुठलीही वस्तू मायलाच विचारायची.

"कोनतं कुलूप?"

"घराचं."

सत्यभामाबाई विचारात पडल्या. खताच्या खोलीला कुलूप होतं. शेतातल्या मोटारीच्या पेटीला होतं. घराचं कुठलं? "आपल्या घराले कुलूप नाही," त्या म्हणाल्या. "कायले पायजे? मी हाये ना घरी."

बोलून झाल्यावर त्यांनाच ते ऐकू आलं. सागरने गाडी बंद केली.

"मी आनतो," तो उतरायला लागला.

"तू बस," महादेवराव म्हणाले. पांढरे स्वच्छ कपडे, नवी टोपी, आणि ते एकटेच भर उन्हात बाजाराच्या गल्लीकडे चालत गेले. यायला त्यांना बराच वेळ लागला. आले तेव्हा हातात एक चांगलं भरभक्कम पितळी कुलूप होतं. त्यांनी ते कडीत अडकवलं, दाबलं, दोनदा ओढून पाहिलं. मग मधलं दार उघडून त्यांनी मागे बसलेल्या बायकोसमोर किल्ली धरली.

"अवं," ते म्हणाले, आणि घसा खाकरून पुन्हा म्हणाले, "दुकानदार विचारे, जुनं कुलूप खराब झालं का? मी म्हटलं, नाही बाबा, आमचं पहिलंच हाय. अडतीस वर्सं मी पाठीमागं न पाहता कुठीबी फिरलो. तुया जिवावर फिरलो. हे मले त्या दुकानात उभं राहून समजलं."

सत्यभामाबाईंनी किल्ली घेतली. पोरं बघत होती, फाटकाशी शेजारची सकाळची वर्दळ होती, आणि नवरा उन्हात उभा होता.

"बसा आता," त्या म्हणाल्या. "सोजरा वाट पाहून राह्यली अशीन."